काकूंनी प्लॉटिंग सुरू केलंय म्हणे!

आमच्या गल्लीत बातमी फिरायला दूधवाल्याची एक फेरी पुरते. येळवस, म्हणजे वेळा अमावास्या, आठ-दहा दिवसांवर आली होती, तेव्हाची ही बातमी. पलीकडच्या काकूंनी मोबाईलवर प्लॉटिंगचा धंदा टाकलाय! चाकूर पडलं लातूर-नांदेड हमरस्त्यावर. रस्त्याकडेच्या रानात चुन्याच्या रेघा दिसल्या की इथला माणूस गाडी थांबवून आधी भाव विचारतो, रान कुणाचं ते मागाहून. त्यामुळं बातमी खोटी असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. शिवाय पुरावे होते. रात्री अकरा वाजता ओसरीवर बसून काकू "हे घर इथून काढावं, तिकडं टाकावं, मधून रस्ता न्यावा" असं पुटपुटत होत्या, हे समोरच्या वैनींनी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं. आणि रविवारी कुणाला तरी फोनवर "फळ्या पडून हायत रे, संगमरवर कुणी देईना" म्हणताना तर किराणा दुकानातल्या सगळ्या रांगेनं ऐकलं.

काकूंच्या आणि आमच्या अंगणात कमरेएवढी भिंत आहे. येळवशीच्या आधी त्या भिंतीवर सुपं येतात. भज्जीला तूर, वाटाणा, हरभरा, वाल, भुईमूग असं जे जे ओलं दाणं मिळेल ते लागतं, आणि एवढं सोलणं काही एकटीच्या बोटांचं काम नाही. त्या दुपारी तिघी भिंतीला टेकलो आणि वैनींनी पहिल्याच शेंगेबरोबर विषय फोडला.

"काय ओ काकू, किती गुंठ्याचं पाडलंय?"

"कशाचे गुंठे गं?"

"प्लॉट ओ! सगळ्या गावाला म्हायती हाय, आमालाच तेवढं सांगनात."

काकूंनी ओच्यातून मोबाईल काढला, पदरानं काच पुसली आणि सुपाशेजारी ठेवला. "बग. हे नगर. लेकराचं हाय. मी नुस्ती राखण करायलेय."

मग उलगडा झाला. काकूंचा नातू लातूरला नीटची तयारी करतोय. लातूर पॅटर्नच्या मांडवाखालून जाणाऱ्या लेकराला पहिला नियम लागू होतो तो मोबाईलबंदीचा. वसतिगृहात साधा फोन, तोही रविवारी. जाताना बापानं स्मार्टफोन काढून घेतला, तेव्हा पोरानं तो गुपचूप आजीच्या हाती दिला आणि सांगितलं, "आज्जे, रोज नाणी गोळा करत जा. नगर थांबू दिऊ नको." काकूंना इंग्रजी अक्षर वाचता येत नाही. चित्र मात्र वाचता येतं. आणि दिलेला शब्द त्या मोडत नाहीत.

खेळाचं नाव एल्वेनार. हॅम्बुर्गच्या इनोगेम्स कंपनीनं तो २०१५ साली आणला, आधी संगणकावर आणि मग मोबाईलवर. सुरुवातीलाच विचारतात की नगर माणसांचं वसवायचं की एल्फांचं. एल्फ म्हणजे युरोपातल्या जुन्या गोष्टींमधले टोकदार कानांचे, रानात राहणारे, जादू जाणणारे लोक. नातवानं एल्फ घेतलेले.

"हॅम्बुर्ग कुठं आलं ओ?" वैनींनी विचारलं.

"जर्मनीत," मी म्हणलं.

"म्हणजे जागा जर्मनीत घेतली म्हणा की!" वैनी सोलता सोलता थांबल्या. ही दुरुस्ती संध्याकाळपर्यंत गल्लीच्या टोकाला पोचली, हे वेगळं सांगायला नको.

काकूंनी एका घरावर बोट ठेवलं. घराच्या छपरावर वेली चढलेल्या आणि वर एक सोन्याचं नाणं तरंगत होतं. बोट लागलं की नाणं उडून वरच्या कोपऱ्यात जमा. "राहायच्या घरातून नाणी येत्यात. हे दुसरं कारखान्याचं. हितं कामाला लावायचं. पाच मिन्टाचं काम घेतलं तर थोडकं सामान, दिवसभराचं घेतलं तर जास्त. मी दुपारी झोपायच्या आधी लांबडं काम लावून देते. आन् घराला रस्ता पायजे. मधल्या मोठ्या वाड्याला रस्ता जोडला न्हाई तर ते घर बंद. एक दमडी देत न्हाई."

"आन् नुसती घरंच बांधायची का?"

"नुसती घरं चालत न्हाईत. बाग पायजे, पुतळा पायजे, कारंजं पायजे. ते न्हाई केलं तर पुढचं घर बांधू देत न्हाई. हे मला पटलं बग. आपल्या चाकुरात सत्यसाईचं देऊळ नसतं तर पाव्हण्याला दाखवायला कुठं नेलं असतं?"

"बीएसएफचं ट्रेनिंग सेंटर हाय की," वैनींनी आठवण दिली.

"तिथं आत कोण सोडतंय तुला?"

मी म्हणलं, एल्फ लोकांना जादूच्या झाडपाल्याचं फार वेड असतं. इकडं आले तर सरळ वडवळ नागनाथच्या बेटावर वनौषधी हुडकत बसतील. काकू म्हणाल्या, "येऊ दे की. येताना आपल्यालाबी गुडघ्याचं काहीतरी आणतील."

खरं तर काकूंना हे नगर शिकवावं लागलंच नाही. दिवाळीत पाडव्याला अंगणात शेणाचे पांडव आणि गवळणी मांडतो ना, त्यात गोठा असतो, चूल असते, जातं-उखळ असतं, आणि वितीएवढ्या जागेत कुठं काय बसवायचं याचं गणित सासूनं सुनेला दिलेलं असतं. काकू त्यात पंचक्रोशीत एक नंबर. त्यांनी नातवाचे नागमोडी रस्ते काढून टाकले, घरं पाठीला पाठ लावून रांगेत बसवली आणि वाचलेल्या जागेत आणखी चार घरं घातली. एल्वेनारमध्ये जमीन तोकडी असते. भोवतालच्या मुलुखात माणसं पाठवून हळूहळू वाढवावी लागते. तिथल्या राखणदारांशी लढा, नाहीतर माल देऊन मिटवा, असे दोन रस्ते. काकू लढत नाहीत. "कोर्टकचेरीपेक्षा देऊन मोकळं हुयाचं," त्या म्हणाल्या. बांधाच्या भांडणात आयुष्याची वीस वर्षं गेलेल्या घरची बाई ती. तिला लढाई कुणी शिकवावी?

आता संगमरवराची भानगड. या खेळात माल पायरीपायरीनं येतो. पहिल्या पायरीला संगमरवर, पोलाद आणि फळ्या. दुसरीला स्फटिक, लेखांच्या गुंडाळ्या आणि रेशीम. तिसरीला अर्क, जादूची भुकटी आणि रत्नं. गंमत अशी, की प्रत्येक पायरीतला एकच माल तुमच्या नगराला मानवतो. तो कितीतरी पट जास्त निघतो. उरलेले दोन स्वतः करायला गेलात तर आतबट्ट्याचा कारभार. म्हणजे ज्याच्याकडं फळ्या, त्यानं पोलाद दुसऱ्याकडून घ्यायचं आणि संगमरवर तिसऱ्याकडून. खेळ रचणाऱ्यांनी हे मुद्दाम केलंय. कुणालाच स्वयंपूर्ण होऊ द्यायचं नाही.

"आपल्या नगरात फळ्या," काकूंनी सांगितलं. "बाजारात मांडायच्या. शंभर फळ्या ठिवल्या, शंभर पोलाद मागितलं. वळखीचा शेजारी असला तर बरोबरीचा सौदा. अनवळखी असला तर मधला दलाल वर कापून घेतोय."

"अडत!" वैनी एकदम म्हणाल्या. त्यांच्या मालकांचं सगळं आयुष्य लातूरच्या मार्केट यार्डात तूर-सोयाबीनच्या पट्ट्या बघण्यात गेलं. "जर्मनीत बी अडत हाय म्हणा!"

नातवाचं एक मंडळही आहे. अशा मंडळात जास्तीत जास्त पंचवीस जण राहू शकतात. मंडळातल्यांना एकमेकांशी व्यवहार करताना तो दलाल आडवा येत नाही. शिवाय रोज एकमेकांच्या नगरात जाऊन हात लावायचा असतो. कुणाच्या वाड्याला, कुणाच्या बांधकामाला, कुणाच्या बागेला. त्यानं त्याचं काम होतं आणि जाणाऱ्याला नाणी मिळतात. एका घरी दिवसातून एकदाच. काकू सकाळी सडा-रांगोळी झाली की सगळ्यांच्या घरी फेरी मारून येतात. त्यात एक नगर महिनाभर तसंच पडलेलं. नाणी वरच्यावर तरंगायलीत, कुणी उचलीना. काकूंना त्याची काळजी. "काय झालं असंल गं त्याला? आजारी तर न्हाई?"

एवढ्यात काका बाहेर आले. काकांच्या लेखी मोबाईलवर बोट फिरवणं म्हणजे जुगार.

"सगळा पत्त्याचा बाजार हाय," ते म्हणाले. "इधानपरिषदेत काय झालं ते बगितलं न्हाई का?"

बघितलं नाही असं माणूस आमच्या जिल्ह्यात मिळणार नाही. जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत त्यावेळच्या कृषिमंत्र्यांच्या हातातल्या मोबाईलवर रमी दिसली आणि तो व्हिडिओ राज्यभर फिरला. आपण खेळत नव्हतो, समोर आलेलं बंद करत होतो, असं त्यांचं म्हणणं. त्यावरून लातुरात पत्ते उधळले गेले, हाणामारी झाली. महिना संपता संपता त्यांच्याकडचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. यावर काकांनी तेव्हा जो विनोद केला होता, तो अजून ते दर पाव्हण्याला ऐकवतात.

मी काकांना सांगितलं, की हे त्यातलं नव्हे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन खेळांचा जो कायदा केला, त्यानं बंदी आणली ती पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर. काकूंच्या नगरातली नाणी खेळाच्या बाहेर एक रुपयालाही वटत नाहीत. इथं जिंकायला काही नाहीच.

"मग जर्मनीवाल्याचं पोट कसं चालतंय?" काकांनी व्यवहाराचा प्रश्न टाकला.

उत्तर पडद्यावरच होतं. निळे हिरे. सुरुवातीला घर मिनिटभरात उभं राहतं. मग तास लागतात. नगर मोठं झालं की एकेका बांधकामाला दिवस जातात. तेवढ्यात हळूच एक बटण पुढं येतं: हिरे द्या, आत्ता पुरं करा. थोडे हिरे खेळात मिळतात, बाकीचे खऱ्या पैशानं घ्यायचे. खेळ फुकट आहे. धीर सुटला की त्याची किंमत मोजायची. २००९ साली झिंगाची फार्मव्हिल आली तेव्हा लोक रात्री उठून कापणी करत होते. २०१२ साली फिनलंडच्या सुपरसेलनं क्लॅश ऑफ क्लॅन्स काढला. त्याच्या भिंती सोन्याच्या करायच्या नादात आपल्या गावातल्या पोरांचीही एक पिढी बसस्टँडवर चार्जर शोधत मोठी झाली. सगळ्यांचं दुकान त्याच एका गोष्टीवर चालतं. माणसाला थांबवत नाही.

काकूंवर मात्र हे बटण चालत नाही. "तूर आखाडात पेरायची आन् पुसात काढायची," त्या म्हणाल्या. "मधी कुणी हिरं देऊन शेंग भरवून देतंय का? ऱ्हाऊ दे की. हुईल चार दिसानं."

वैनींनी मोबाईल ओढून घेतला आणि एक घर बोटानं उचलून दुसरीकडं ठेवायचा प्रयत्न केला. घर सहज उचललं गेलं. पैसे नाहीत, वेळ नाही. जिथं ठेवलं तिथं बसलं. वैनींना मौज वाटली. "किती सोपं हाय ओ!"

काकू मात्र गप्प झाल्या. त्यांचं माहेर औसा तालुक्यात, किल्लारीच्या बाजूला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायला आलेले, गणपती बुडवून गाव नुकतं झोपलेलं. दगडमातीच्या हातहात जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं. भूकंपानं ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. जवळपास दहा हजार माणसं गेली. नंतर लातूर-उस्मानाबादची बावन्न गावं जुनी जागा सोडून नव्या जागी वसवली. रुंद रस्ते, आखीव रांगा. जमीन बघून घर: अडीचशे, चारशे किंवा साडेसातशे चौरस फूट.

"आमचं गाव असंच उचलून ठिवलं होतं," काकू म्हणाल्या. "घर पक्कं भेटलं, खोटं कशाला बोलू. पण आमच्या आईची शेजारीण पार दुसऱ्या टोकाला गेली. जुन्या गावात दोगींची चूल एका भिंतीला होती. इस्तू मागायला भिंतीवरून हात यायचा. नव्या गावात आई म्हणायची, रस्ता एवढा रुंद हाय की हाक पोचत न्हाई."

कुणी काही बोललं नाही. काकांनी सुपातली शेंग घेतली आणि सोलायला लागले. हे त्यांनी कधी केल्याचं मला आठवत नाही.

मला पुण्याच्या भाच्यानं सांगितलेलं आठवलं. विल राइट नावाच्या अमेरिकन माणसानं १९८९ साली सिमसिटी काढली, तिथून हे नगर वसवायचे खेळ घराघरात गेले. त्यात भूकंप आणायची सोय होती. वसवलेलं शहर कंटाळवाणं झालं की आणा भूकंप, बघा मजा. पुढं १९९३ साली सिमसिटी २००० आली आणि त्यात जमिनीखालून पाण्याचे पाइप टाकायला लागायचे. भूकंप आणि पाणी! हे दोन धडे आमच्या जिल्ह्याला खेळाशिवाय मिळाले.

पाण्याचा विषय निघाल्यावर मी काकूंना विचारलं, "तुमच्या एल्फांच्या नगरात पाण्याची टाकी कुठंय?"

काकूंनी नगर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवलं. वाडा होता, कारखाने होते, कारंजीसुद्धा होती. टाकी नव्हती, विहीर नव्हती, बोअर नव्हता.

"आगं खरंच की," त्या म्हणाल्या. "एवढे दिस झाले, एकदाबी पाणी भरलं न्हाई मी."

यापुढं एल्फांची जादू ती काय! चाळीसेक घरांचं नगर, आणि नळाला पाणी कधी येणार हे कुणी कुणाला विचारत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते अजून सगळ्यांच्या डोळ्यांपुढं आहे. पहिल्या गाडीला दहा टाक्या, पाच लाखांच्या आसपास लिटर. मग पन्नास टाक्यांची गाडी, पंचवीस लाख लिटर. पाणवठ्यांवर भांडणं होऊ नयेत म्हणून त्याआधीच जमावबंदी लागलेली. मांजरा धरण उघडं पडलेलं, आणि साडेतीनशेच्या आसपास किलोमीटरवरच्या गावानं आपल्या वाट्यातलं पाणी भरून धाडलं. त्या दिवसांत चाकुरातल्या कितीतरी घरांनी लातूरची सोयरी-धायरी आंघोळीला बोलावली. कपड्यांची गाठोडी घेऊन यायची माणसं. इथंही पाणी उतू जात नव्हतं, पण यायची.

"मिरजेला काय मिळालं गं त्यात?" काकूंनी विचारलं.

"काही नाही."

"नाणीसुदिक न्हाईत?"

वैनींना तोवर नवी कल्पना सुचली होती. "असला खेळ आपल्याकडं कुणी काढत न्हाई का ओ?"

मी म्हणलं, खेळ निघतात, पुण्यातच निघतात. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या मंडळींनी २०२० साली 'राजी' आणला. भावाला सोडवायला निघालेली मुलगी, तिच्या पाठीशी दुर्गा, आणि आपल्याकडच्या वाड्या-महालांच्या नक्षीतून जाणारी वाट. पुण्याच्याच सुपरगेमिंगनं २०२४ मध्ये 'इंडस' काढला, पण तो बंदुकांचा. लढायचे खेळ झाले. वसवायचा, आणि तोही आपल्या बाजूच्या मातीतला, अजून माझ्या तरी पाहण्यात नाही.

"मग त्या पुण्याच्या भाच्याला सांग," काकूंनी हात झटकले आणि फर्मान काढायला सुरुवात केली. वाडा नको, पार पाहिजे. जादूची भुकटी नको, तुरीची डाळ पाहिजे. पाणी पाहिजेच, आणि ते मोजून पाहिजे, म्हणजे खेळणाऱ्याला अक्कल येईल. स्टेशन पाहिजे, पण त्याचं नाव नीट ठेवायचं, नाहीतर लातूर म्हणून लातूर रोडला उतरलेला माणूस रात्रभर चाकूर तालुक्यात बसून राहतो. वर्षातून एक दिवस सगळं नगर कुलूप लावून रानात गेलं पाहिजे, कडब्याच्या कोपीपुढं बसून भज्जी-आंबील खायला. आणि ज्याला रान नाही त्याला रानवाल्यानं हाक मारून न्यायचं. हाक मारली नाही तर त्याचं पुढचं घर बांधू द्यायचं नाही.

"आन् शेजाऱ्याकडं फेरी मारली की नाणी?" वैनींनी विचारलं.

"न्हाई," काकू म्हणाल्या. "त्येवढं काडून टाक म्हणावं. नाणी दिली की ती मदत ऱ्हात न्हाई, मजुरी हुती."